भावजींच्या मैदानावर

घणाला रागवायला कारण लागत नसे, निमित्त पुरायचं. तो टायरच्या दुकानात कामाला होता. ट्रकचं चाक समोर आडवं पडलं की दोन्ही हातांनी घण उचलायचा आणि रिंगेला धरून बसलेल्या टायरवर असा घालायचा की शेजारच्या चष्म्याच्या दुकानात भिंतीवरच्या फ्रेमा हलायच्या. चष्मेवाला भांडायला म्हणून तरातरा यायचा, त्याच्या हातातलं ते धूड बघायचा आणि "जरा हळू घ्या हो" एवढंच बोलून परत फिरायचा. त्या हत्यारावरूनच त्याला घण हे नाव पडलं होतं. खरं नाव मतदारयादीला ठाऊक होतं आणि त्याच्या ताईला.

मारामारीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. एकदा एका ट्रकवाल्याने त्याला बापावरून शिवी दिली, तर घणाने त्याची मान पकडून पंक्चर तपासायच्या पाण्यात डोकं बुचकळलं आणि बुडबुडे येईपर्यंत वर काढलं नाही. "गळती कुठे आहे ते बघत होतो," असं त्याने नंतर मालकाला सांगितलं. मालक हसला, ट्रकवाला हसला नाही. तो संध्याकाळी चार जण घेऊन आला आणि घणाचं नाक दुसऱ्यांदा मोडलं. ते तसंच डावीकडे वळून बसलं. आरशात बघताना घणाला नाकाचं वाईट वाटत नसे. ज्याने मोडलं त्याचे दोन दात गेले, याचं समाधान वाटायचं. माणूस तसा वाईट नव्हता. पण जगातली प्रत्येक अडचण कुठल्या तरी एका जागी अडकलेली असते आणि तिथे नेमकं हाणलं की ती सुटते, अशी त्याची पक्की समजूत होती. टायरच्या बाबतीत ती खरी होती, म्हणून ती सोडायचं त्याला कधी कारण पडलं नाही.

त्याला आवरणारं माणूस एकच, त्याची ताई. आई लवकर गेली, बाप फिरतीवर, तेव्हा ताईनेच त्याला न्हाऊ-माखू घालून वाढवलं. ती शर्टांच्या कारखान्यात कॉलर जोडायची. घणाचं कुठे जुंपलंय अशी बातमी आली की मशीन बंद करून चालत यायची, गर्दीतून वाट काढायची आणि म्हणायची, "खाली ठेव." मग घणाच्या हातात वीट असो, बाटली असो की कुणाची गचांडी, ती खाली ठेवली जायची. लोक म्हणायचे, पोलिसांपेक्षा ताईला बोलवा, लवकर येते.

ताईचं लग्न झालं ते दोन-अडीच तासांच्या अंतरावरच्या गावात. नवरा लाकडाच्या वखारीत मॅनेजर. इस्त्रीचे कपडे, बोलणं असं मऊ की समोरच्याला आपलंच बोलणं खरखरीत वाटावं. पहिल्या भेटीत त्याने घणाला "तुम्ही" म्हटलं. घणाला तोवर कुणी "तुम्ही" म्हटलं नव्हतं. तो इतका भारावला की घरी येऊन तीनदा सांगितलं. शिवाय भावजी क्रिकेट खेळायचे. तिथल्या क्लबचे कप्तान, डावाची सुरुवात करणारे. घण इकडच्या क्लबचा वेगवान गोलंदाज. दरवर्षी दोन्ही क्लबांची एक मॅच व्हायची, तिकडच्या मैदानावर. मॅचला चहा कप्तानाच्या घरून यायचा, म्हणजे ताईच्या हातचा. घणाला वाटलं, नशीब काढलं आपण.

मग दोन वर्षांपूर्वी एका दुपारी ताई अचानक दुकानात आली. खालचा ओठ फाटलेला, आतल्या बाजूने. टायरांच्या ढिगावर बसून तिने सगळं सांगितलं. भाजीत मीठ जास्त नव्हतं, कुणी परका पुरुष नव्हता, दारू तर नव्हतीच. भावजी काही बोलत असताना ती मध्ये उठून दूध बंद करायला गेली होती, एवढंच. मारताना त्यांचा आवाजसुद्धा चढला नाही, असं ती म्हणाली, आणि याचीच तिला जास्त भीती वाटली होती.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? बहिणीला घरी नेलं असतं, दार लावलं असतं आणि म्हटलं असतं, परत जायचं नाही. घणाच्या डोक्यात ते आलंच नाही. त्याच्या डोक्यात आला चेंडू. पुढच्याच महिन्यात तिकडे मॅच होती. मैदानावर माणूस आडवा केला तर पोलीस येत नाहीत, उलट लोक टाळ्या वाजवतात. तो म्हणाला, "तू जा परत. मी बघतो त्याच्याकडे." ताईने त्याच्याकडे नुसतं बघितलं. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण तेवढ्यात ट्रक आला आणि घण उठला. ती संध्याकाळच्या गाडीने परत गेली. त्याच्या जागी मी असतो तर, असं म्हणणं सोपं आहे. पण खरं सांगायचं तर या गाढवपणाचा मला आजही राग येतो.

एरवी घणाचा चेंडू कुठे पडेल ते त्यालाही सांगता यायचं नाही. भावजींच्या बाबतीत मात्र त्याचा नेम कधी चुकला नाही. पहिल्या वर्षी त्याने त्यांच्या उजव्या कोपरावर चेंडू घातला. कटकन आवाज आला, बॅट हातातून गळून पडली, भावजी गुडघ्यावर बसले. घण जवळ गेला, वाकून म्हणाला, "लागलं का भावजी?" आणि त्यांच्या डोळ्यात बघून हसला. ते काय समजायचं ते समजले. पुढच्या वर्षी डाव्या बरगडीत. त्या वेळी ते तोंडावर पडले, त्यांना श्वास घेता येईना, दोघांनी उचलून नेलं. घणाची टीम टेम्पोतून परत येताना घसा बसेपर्यंत ओरडत होती. घण मागे फळीला टेकून गप्प बसला होता, आणि त्याच्या छातीत इतकं मोकळं वाटत होतं की बहिणीचं दुःख आपण स्वतःच्या हाताने खणून काढलं असं त्याला मनापासून वाटलं.

त्या वर्षी ताई चहाला आली नव्हती. अंगात कसर आहे, असं भावजींनी सांगितलं होतं. फोनवर ती "बरं आहे" म्हणायची. बरं आहे म्हणजे मार थांबला, असं घणाने धरलं.

यंदाही टेम्पो सकाळी निघाला. पुढे ड्रायव्हरशेजारी घणाच्या टीमचा कप्तान. हा ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा, आणि आयुष्यभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून त्याला अशी खोड लागली होती की मैदानावरसुद्धा कुणी चेंडूमागे वेडावाकडा धावला तर याचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायचा. मागे बाकीचे, किटबॅगांवर बसलेले. यष्टिरक्षक शिंपी होता, दुसरा गोलंदाज लॉन्ड्रीवाला. पोरसवदा, तापट, घणाला देव मानणारा.

"यंदा कुठे?" लॉन्ड्रीवाल्याने विचारलं.

"हेल्मेटच्या जाळीत," घण म्हणाला. सगळे हसले. त्याने काही गंमत केली नव्हती. रोज दुकान बंद झाल्यावर तो भिंतीला जुना टायर टेकवून त्याच्या भोकातून चेंडू काढायचा सराव करत होता.

मैदान एका बंद पडलेल्या गिरणीच्या मागे होतं. एका बाजूला पत्र्याची शेड, शेजारी पाण्याचं पिंप, त्यापलीकडे रस्ता. भावजींनी हात पुढे केला. "या. कसे आहात? प्रवासाचा त्रास नाही ना झाला?" घणाने हात दाबला, जरा जास्तच. भावजींनी तो सोडवून घेतला नाही, हसून दाबू दिला.

घणाच्या टीमने आधी फलंदाजी केली आणि बरी केली. घण शेवटी गेला, दोन षटकार मारले, तिसऱ्याला त्रिफळा उडाला. डाव संपला आणि सगळे शेडकडे चहाला निघाले.

ताई तिथे होती. बाकावर किटली, कपांची चळत, पाव आणि बिस्किटं. घण लांबूनच हसला. जवळ गेल्यावर त्याला दिसलं की ती किटली डाव्या हाताने ओतते आहे. ताई उजव्या हाताची होती; त्याच हाताने तिने त्याला भरवलं होतं आणि त्याच हाताने थोबाडीतही दिली होती. आता तो हात कोपरात वाकलेला होता आणि पोटाशी धरलेला होता. कप उचलायला ती पुढे झुकली तेव्हा मध्येच थांबली, ओठ आवळले, आणि डाव्या कुशीवर हात दाबून हळूच सरळ झाली.

"हाताला काय झालं?"

"पडले."

"आणि कुशीत?"

"चहा घे, गार होईल."

घणाने कप घेतला नाही. तो तिच्या वाकड्या कोपराकडे बघत राहिला. उजवं कोपर, डावी बरगडी. घण काही फार हुशार नव्हता, पण ट्रकच्या चाकांचे कुठल्या बाजूचे किती नट ढिले ते नुसतं बघून सांगणारा होता. त्याने तिला पिंपाच्या मागे नेलं.

"ताई, हे त्याने केलं?"

ती गिरणीच्या भिंतीकडे बघत होती. "तू जिथे मारतोस तिथेच करतो," ती म्हणाली. तिचा आवाज सपाट होता. "पहिल्या वर्षी मॅचहून आला, हाताला बर्फ लावला, जेवला. मग बॅट घेऊन आला. म्हणाला, हे तुझ्या भावाने पाठवलंय, माझं काही नाही यात. तुझं तुला देतो. आणि बॅटची मूठ घातली कोपरावर. गेल्या वर्षी बरगडीत. तीन आठवडे मला कुशीवर झोपता आलं नाही. एरवी मधल्या दिवसांत हात लावत नाही. अगदी नीट वागतो."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं होतं ना एकदा," ताई म्हणाली.

कुणीतरी कानाखाली जाळ काढावा तसं घणाला झालं. त्याने आजवर खाल्लेला कुठलाच मार असा लागला नव्हता. त्याला आपली दोन्ही मनगटं एकदम परक्याची वाटली. दोन वर्षं तो टेम्पोत मागे बसून छाती फुगवून घरी गेला होता, आणि त्याच वेळी इकडे त्याचाच चेंडू त्याच्या बहिणीच्या अंगावर पोहोचता होत होता. तो हात भिंतीवर आपटणार होता. ताईने नुसतं बघितलं आणि तो थांबला.

"आज चल माझ्याबरोबर," तो म्हणाला.

"सगळ्यांच्या देखत? तो येऊ देईल?" ती म्हणाली. "आज त्याला काही लागू देऊ नकोस, बस. जिंकू दे त्याला. जिंकला की खूश असतो. मग मी पुढचं बघेन."

पंचांनी हाक मारली. घण मैदानात गेला.

पहिला चेंडू त्याने असा टाकला की शिंप्याला वाटलं याच्या खांद्यात लचक भरली. चेंडू टप्पा खाऊन लोळत बॅटवर गेला. भावजींनी तो सीमेपार धाडला. दुसराही तसाच. तिसऱ्यानंतर शिंपी पुढे येऊन म्हणाला, "काय रे, फुलं वाहतोयस का त्याला?" कप्तान लांबून दोन्ही हात पसरून विचारत होता, काय चाललंय. घणाने कुणाकडे बघितलं नाही. तो परत चालत जायचा, वळायचा, धावायचा, आणि जो हात आयुष्यात कधी आवरला नव्हता तो शेवटच्या क्षणी आवरायचा. ते घण उचलण्यापेक्षा जड होतं. त्याच्या कपाळावरून घाम टपटप गळत होता.

धाव काढता काढता भावजी एकदा गोलंदाजाच्या टोकाला आले आणि त्याच्या शेजारी उभे राहिले. हेल्मेटच्या जाळीतून त्यांचा चेहरा शांत दिसत होता.

"आज दमलात का?" त्यांनी हळू विचारलं. घण चेंडू पँटला पुसत राहिला.

"ताई भेटली वाटतं चहाला. चांगलं झालं. समजूतदार आहे ती." मग पॅडचा पट्टा आवळत, हवापाण्याचं बोलावं तसं ते म्हणाले, "टाका की जोरात. तुमचं काय जातंय?"

घणाच्या डोळ्यांपुढे लाल झालं. त्या माणसाचा गळा हातभर अंतरावर होता. एका हातात मावला असता. रिंगेवरून टायर निघतो तसं याचं मुंडकं कुठल्या बाजूने निघेल हेसुद्धा घणाला दिसलं. त्याने चेंडू इतका दाबला की नखाखालून रक्त आलं. तो वळला आणि आपल्या खुणेपर्यंत चालत गेला. पुढचा चेंडूही त्याने लोळवतच टाकला.

कप्तानाने त्याला काढलं. काढताना वाईट बोलला. "पाहुणचार घरी कर," म्हणाला. "बहिणीचा नवरा आहे म्हणून मॅच विकतोस?" घणाने ऐकून घेतलं. कप्तानाला अर्थातच काही ठाऊक नव्हतं, आणि सांगावं कसं हे घणाला सुचत नव्हतं. चेंडू गेला लॉन्ड्रीवाल्याकडे. तो आधीच पेटला होता. आपल्या देवाला काय झालंय हे त्याला कळेना, पण देवाचं अर्धवट राहिलेलं काम आपण करायचं, एवढं त्याने ठरवलं होतं.

घण सीमेवरून ओरडला, "आपटू नकोस. पुढे टाक." लॉन्ड्रीवाल्याला वाटलं, टोमणा आहे. तो जीव खाऊन धावला आणि चेंडू खेळपट्टीच्या मधोमध आपटला.

चेंडू उसळला आणि हेल्मेटची जाळी आणि कड यांच्या मधल्या फटीतून आत शिरला. आवाज ओल्या लाकडावर कुऱ्हाड बसावी तसा आला. भावजींचं डोकं मागे फेकलं गेलं, पाय स्टंपांवर गेले आणि ते आडवे झाले. हेल्मेट काढलं तेव्हा उजव्या गालाचं हाड दबलेलं होतं, भुवई उकलली होती आणि रक्त डोळ्यात, नाकात, पांढऱ्या शर्टावर सगळीकडे उतरत होतं. लॉन्ड्रीवाल्याने मुठी हवेत उडवल्या. शिंपी हसला. कप्तानाचा पाय ब्रेक दाबून राहिला.

भावजी उठून बसले. कुणीतरी दिलेला टॉवेल त्यांनी गालाला लावला. मग एका डोळ्याने त्यांनी बघितलं. गोलंदाजाकडे नाही, पंचाकडे नाही, घणाकडेसुद्धा नाही. त्यांनी शेडकडे बघितलं, आणि बराच वेळ बघत राहिले. शेडमध्ये ताई कप गोळा करत होती. तिने ती नजर बघितली आणि तिचा डावा हात आपोआप स्वतःच्या उजव्या गालावर गेला.

घण सीमेवरून सरळ शेडकडे चालू लागला. मागून कुणीतरी विचारलं, कुठे निघालास. तो थांबला नाही.

"ताई, चल."

"मॅच..."

"चुलीत गेली मॅच. तो चेंडू मी टाकलेला नाही, पण देणार तुलाच आहे. चल आत्ता."

ताईने किटली खाली ठेवली. पदराला हात पुसले. घराची किल्ली कमरेला होती, ती काढून तिने बाकावर कपांच्या शेजारी ठेवली आणि निघाली. टेम्पो शेडच्या पलीकडे रस्त्यावर उभा होता. पन्नासेक पावलं असतील. ती दोघं निम्म्यात पोहोचली असतील-नसतील तेव्हा मागून हाक आली.

"कुठे नेतोस माझ्या बायकोला?"

त्या गावाने हा आवाज आजवर ऐकला नव्हता. भावजी टॉवेल टाकून पळत येत होते, अर्धा चेहरा रक्ताने भरलेला, हातात बॅट. त्यांचं "तुम्ही" गेलं होतं. घण वळला आणि ताईला त्याने मागे घेतलं. त्याचे हात सवयीने वर आले.

"हात उचलू नकोस," ताई मागून म्हणाली. तिने त्याच्या शर्टाची पाठ मुठीत धरली. "तू उचललास तर त्याचंच खरं होईल. उचलू नकोस."

पहिला फटका खांद्यावर बसला. दुसरा दंडावर, तिसरा मांडीवर. घणाने दोन्ही हात खाली घालून आपल्याच पँटचे खिसे घट्ट धरले. भावजी मारत होते आणि ओरडत होते, "घे. तुझं तुला घे. तुमच्या घराण्याचं तुम्हाला घ्या." बॅटची कड बरगडीत गेली आणि घणाच्या तोंडातून हवा निघून गेली, पण तो पडला नाही, कारण पडला असता तर मागे ताई होती. पुढचा फटका डोक्याला निसटता लागला आणि कान फाटला. भावजी त्याला चुकवून बाजूने ताईपर्यंत पोहोचायला बघत होते, घण त्या बाजूला सरकत होता. घणाने एकदा, फक्त एकदा, डोकं खाली घालून त्यांच्या छातीवर आपटायचा विचार केला. पाठीवरची मूठ आणखी आवळली गेली. त्याने विचार सोडला.

हे सगळं दोन्ही टीमांनी बघितलं. ज्यांच्या घरी भावजी मुलांच्या बारशाला जात आणि ज्यांच्या भांडणात समजूत घालत, त्यांनी बघितलं. शेवटी त्यांच्याच यष्टिरक्षकाने आणि म्हाताऱ्या पंचाने मिळून मागून बॅट धरली. भावजींना खाली बसवलं, तरी ते धापा टाकत ताईकडे बोट दाखवत होते. "विचारा तिला," ते म्हणाले. "विचारा, मी कधी आवाज चढवला का?" पंचाने ताईच्या वाकड्या कोपराकडे बघितलं आणि मग जमिनीकडे.

कप्तानाला तेव्हा उलगडा झाला. त्याने स्टंप उपटले, पंचाला म्हणाला, "मॅच तुमच्या नावावर लावा," आणि सगळ्यांना टेम्पोत चढवलं. त्याचं तोंड उतरलं होतं. घणाला त्याने स्वतः हात धरून वर घेतलं.

टेम्पो गावाबाहेर पडला. घण फळीला टेकून बसला होता. श्वास घेतला की बरगडीत सुरी फिरायची. कानाला लावलेलं फडकं भिजलं होतं. शिंप्याने त्याला पाणी पाजलं आणि सगळ्यांना वाचा फुटली. आधी शिव्या, मग बेत. लॉन्ड्रीवाला रडत होता आणि हातातला स्टंप फळीवर आपटत होता. "उद्याच जाऊ," तो म्हणाला. "वखारीतच गाठू. दोन्ही हात मोडू त्याचे." दुसरा म्हणाला, वखार पेटवू. शिंपी म्हणाला, आधी पाय, म्हणजे पळणार नाही. त्यांचे डोळे चमकत होते. सगळे घणाकडे बघत होते. तो हो म्हणाला असता तर टेम्पो तिथूनच वळला असता.

ताई केबिनच्या पाठीशी, वरची दांडी चांगल्या हाताने धरून उभी होती. दांडी सोडून तिने ड्रायव्हरच्या केबिनवर धाडधाड हात मारला. टेम्पो थांबला.

"मला इथे उतरवा," ती म्हणाली.

दोन्ही बाजूंना नुसती शेतं होती.

"तुम्ही त्याला मारून याल आणि आपापल्या घरी जाल," ती म्हणाली. "मग तो बरा होईल आणि मला शोधत येईल. तेव्हा तुमच्यातलं कोण असणार आहे माझ्याजवळ? दोन वर्षं तुम्ही गाणी म्हणत गेलात इथून. तेव्हा होतं का कुणी? जाणार असाल त्याला मारायला तर आत्ताच सांगा, मी उतरते. रस्ता मला माहीत आहे."

लॉन्ड्रीवाल्याने स्टंप किटबॅगेत घातला. कप्तान पुढून मान वळवून म्हणाला, "कुणी जात नाही ताई. सरळ पोलिसात जाऊ. मी येतो बरोबर." बाकीच्यांनी माना हलवल्या.

ताईने त्यांच्याकडे बघितलंच नाही. ती घणाकडे बघत होती.

"आणि तू?"

"नाही जाणार," घण म्हणाला.

"दुखायचं थांबल्यावर?"

घणाने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्याला कळलं की आपल्या शब्दाला तिच्यापुढे काही किंमत राहिलेली नाही. मार खाऊन ती मिळणार नव्हती. मार तर तिने त्याच्याहून जास्त खाल्ला होता. ती नवऱ्याच्या घरातून निघाली होती, पण भावाच्या घरी पोहोचायला तिला अजून वेळ लागणार होता, आणि तो किती लागेल हे विचारायचा त्याला हक्क नव्हता. त्याला रडू आलं. चार लोकांत तो पहिल्यांदाच रडला आणि त्याने तोंड लपवलं नाही.

"थांबल्यावर पण नाही," तो म्हणाला.

ताईने केबिनवर परत एकदा हात मारला आणि टेम्पो सुटला. शिंप्याने एक किटबॅग ओढून तिच्यासाठी जागा केली.

"ताई, बस ना," घण म्हणाला. "लांब आहे अजून."

"उभी बरी आहे," ती म्हणाली, आणि दांडी धरून, सगळ्यांचे हात दिसतील अशी वळून, शेवटपर्यंत उभीच राहिली.